कबुतर आणि फ्लेमिंगो : प्रोजेक्टच्या नोंदी

११ जानेवारी २०२६, ऐरोली

टॉपिक फायनल झाला एकदाचा. मॅडमनी अट घातलेली की एकमेकांशी लांबचं नातं असलेले दोन पक्षी घ्या, त्यांची तुलना करा, आणि दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघता आले पाहिजेत, नेटवरचे फोटो चिकटवून आणलेत तर परत पाठवीन. बाकीच्यांनी घार-घुबड, बगळा-करकोचा असलं काहीतरी उचललं. आम्ही कबुतर आणि फ्लेमिंगो घेतलंय. पार्टनर म्हणाला लोक हसतील. हसू देत. एक आमच्या एसीच्या मागे राहतो आणि दुसरा इथून रिक्षाने दहा मिनिटांवर खाडीत उभा असतो, यापेक्षा सोयीचं काय पाहिजे.

खरं कारण सोय नाही पण. हे दोघं पिल्लांना दूध पाजतात. म्हणजे गाईम्हशीसारखं नाही, अंगातून पाझरलेलं पौष्टिक काहीतरी चोचीतून चोचीत, आणि आई-बाप दोघंही पाजतात. जगात पक्ष्यांच्या दहा हजारांवर जाती आहेत, त्यात असलं करणारे तीनच : कबुतरांचं सगळं खानदान (पारवे, होले, हरियाल वगैरे), फ्लेमिंगो आणि एम्परर पेंग्विनचा नर. पेंग्विन बघायला अंटार्क्टिकाला जावं लागेल, भायखळ्याला आहेत ते हम्बोल्ट, त्यांचं हे काही नसतं. म्हणजे उरले दोन. आता प्रश्न असा की ही गोष्ट दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आली का ज्याने त्याने आपापली काढली.

१८ जानेवारी

घरटं किचनच्या खिडकीतून नीट दिसतं. घरटं म्हणायचं म्हणून म्हणायचं, खराट्याच्या चार काड्या, एक तारेचा तुकडा आणि कुणाच्या तरी इअरफोनची वायर. त्यात दोन पांढरी अंडी. आईने जाळीवाल्याला बोलावून ठेवलेलं, माप पण घेऊन गेला होता तो, त्याला फोन करून मार्चनंतर ये म्हटलं तर आई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

अंड्यांवर दोघं पाळीने बसतात. सकाळी दहाच्या आसपास बदली होते आणि दुपार उलटली की परत. पुस्तकात दिलंय की दिवसाची ड्यूटी नराची आणि संध्याकाळ ते सकाळ मादीची. आमच्या इथे दिवसा बसणारा मानेने जरा जाड आणि जास्त चमकतो, म्हणजे जुळतंय. अंडी उबायला साधारण १७ ते १९ दिवस. फ्लेमिंगोचं एकच अंडं, चिखलाच्या उंचवट्यावर, आणि त्याला जवळजवळ महिना लागतो. तुलनेच्या टेबलची पहिली ओळ झाली.

२८ जानेवारी

पिल्लं आली. दोन्ही. पिवळट विरळ केस, डोळे बंद, अंगाच्या मानाने चोच भलतीच मोठी. आई म्हणाली काय ध्यान आहे.

पाजणं बघितलं आज, आणि हे मी आधी कधीच लक्ष देऊन बघितलं नव्हतं, आयुष्यभर कबुतरं खिडकीत असून. कावळ्याचं पिल्लू चोच उघडून ओरडतं आणि कावळी वरून घास टाकते. इथे उलटं, पिल्लू स्वतःची चोच मोठ्या कबुतराच्या तोंडात खुपसतं, मग मोठं मान हलवत हलवत आतून वर काढतं आणि पिल्लू ओढून घेतं. थोड्या वेळाने बघितलं तर पिल्लाच्या छातीवरची पिशवी फुगलेली. पहिले काही दिवस दुसरं काही नाही, फक्त हेच. नंतर हळूहळू त्यात भिजलेले दाणे मिसळायला लागतात.

व्हिडिओ काढला मोबाईलवर पण काचेवर मागच्या पावसाळ्यापासूनचे डाग आहेत त्यामुळे सगळं धुकट आलंय. काच बाहेरून पुसायची तर कबुतरं उडणार. राहू दे.

२ फेब्रुवारी

आज नुसतं वाचन. कबुतराच्या घशाखाली क्रॉप नावाची पिशवी असते, एरवी दाणे साठवायची. अंडी उबत असतानाच तिचं आतलं अस्तर जाड व्हायला लागतं, पेशींमध्ये चरबी आणि प्रोटीन भरतात आणि मग त्या पेशीच सुटून पडतात. म्हणजे पिल्लू जे खातं ते आईबापाच्या अंगाचं सुटलेलं अस्तर आहे. दिसायला पनीरच्या चुऱ्यासारखं, फिकट पिवळसर. साखर जवळपास नाहीच, प्रोटीन आणि फॅट भरपूर, शिवाय अँटिबॉडीज. कोंबडीच्या पिल्लांच्या खाण्यात हे मिसळून बघितलेलं आहे लोकांनी, ती नेहमीपेक्षा भरभर वाढली.

जॉन हंटर नावाच्या स्कॉटिश सर्जनने हे १७८६ मध्ये लिहून ठेवलंय. आणि पुढची गंमत म्हणजे हे सगळं चालू करणारं हार्मोन प्रोलॅक्टिन, तेच जे बायकांना बाळंतपणानंतर दूध येण्यासाठी लागतं. १९३० च्या दशकात ऑस्कर रिडलच्या टीमने त्याला हे नाव दिलं ते कबुतरांवर काम करताना, आणि पुढे बरीच वर्षं कुठल्या नमुन्यात प्रोलॅक्टिन किती आहे हे मोजायचं तर ते कबुतराला टोचून क्रॉप किती जाड होतो ते बघायचे. आईला सांगितलं तर म्हणाली म्हणजे एसीमागे आमच्यासारखीच बाळंतीण बसलीये आणि तिचा नवरा पण बाळंतीण. बरोबर आहे, बापाचं पण प्रोलॅक्टिन वाढतं.

८ फेब्रुवारी, ठाणे खाडी

ऐरोलीच्या खाडीकाठच्या जैवविविधता सेंटरवरून बोट मिळाली. तिथे तिकीट काढून आधी खेकडे, खारफुटी वगैरेचं प्रदर्शन बघता येतं, चांगलं केलंय, पण आमचं लक्ष घड्याळाकडे कारण खाडीत सगळं भरती-ओहोटीवर. आज भांगाचे दिवस, त्यामुळे पाणी फार उतरलं नाही आणि चिखल थोडाच उघडा पडला. उधाणाच्या ओहोटीला यायला हवं, तेव्हा लांबपर्यंत चिखल मोकळा होतो आणि पक्षी पसरतात. भरती चढली की ते खाडी सोडून सीवूड्सकडे, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागच्या पाणथळीवर नाहीतर डीपीएस तलावावर जाऊन उभे राहतात.

इथे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर साइटचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. मुलुंडच्या पुलावरून रोज जाणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना माहीत असेल देव जाणे, बसच्या खिडकीतून नुसती गुलाबी रेघ दिसते आणि लोक परत मोबाईलमध्ये.

जास्त करून लेसर फ्लेमिंगो, म्हणजे लहान जात; मोठी ती ग्रेटर. चोच गडद, लांबून काळीच वाटते, ग्रेटरची गुलाबी आणि टोकाला काळी. चोच उलटी करून पाण्यात, डोकं इकडून तिकडे, थांबणं नाहीच. चोचीच्या कडांना बारीक जाळी असते, जीभ मागेपुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर ढकलते, शेवाळ आत अडकतं. ग्रेटरची जाळी जाड म्हणून तो बारीक कोळंबी, शिंपल्याची पिल्लं, किडे असलं मोठं खातो आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहून वेगवेगळं जेवतात.

आता अडचण. इथे फ्लेमिंगो पिल्लांना पाजताना दिसणार नाही कारण इथे ते अंडी घालतच नाहीत. घरटी गुजरातेत, कच्छच्या रणात. सलीम अली १९४५ मध्ये तिथली फ्लेमिंगो सिटी (त्यांच्या घरट्यांची मोठी वस्ती) बघायला गेलेले. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) २०२२ मध्ये खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना जीपीएस टॅग लावले, त्यातून पण गुजरातचा रस्ता दिसला. मॅडमची अट होती की पक्षी बघता आला पाहिजे, दूध दिसलं पाहिजे असं त्या म्हणाल्या नव्हत्या, असा पार्टनरचा मुद्दा. वकील व्हायला हवं होतं त्याने.

पण एक गोष्ट मिळाली. थव्यात मधेमधे राखाडी पक्षी होते, बोटवाले काका (दिव्याच्या कोळीवाड्यातले) म्हणाले, ‘ती पोरं हायत, अजून रंग चढायचाय.’ ही पोरं दुधावरच वाढलेली. रंग खाण्यातून येतो, शेवाळातल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यातून, आणि पूर्ण चढायला दोन-तीन वर्षं जातात.

९ फेब्रुवारी

कालचं पुढे. काही वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता, दोन फ्लेमिंगो आणि मधे पिल्लू, एक जण दुसऱ्याच्या डोक्यावर चोच धरून उभा आणि लाल काहीतरी ओघळत पिल्लाच्या तोंडात. लोकांनी कॅप्शन टाकलेलं की भांडण चाललंय, रक्त येतंय, आईचं बलिदान आणि काय काय. रक्त नव्हतं ते, दूध होतं. फ्लेमिंगोचं दूध लाल असतं, खाण्यातून आलेला तोच रंग त्यात उतरतो.

आणि ते क्रॉपचं अस्तर सुटून होत नाही. अन्ननलिकेच्या वरच्या भागात ग्रंथी असतात, त्या पाझरतात. पातळ. चरबी प्रोटीनपेक्षा जास्त, कबुतराच्या बरोबर उलटं. पाजणं पण कितीतरी लांबतं, दोन महिने तरी, कारण पिल्लू जन्मतं ते सरळ चोच घेऊन, वाकडी चोच आणि आतली जाळी तयार होईपर्यंत त्याला गाळून खाता येत नाही. तोवर आईबाप स्वतःच्या अंगातला रंग पण देऊन टाकतात, पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांचे पंख फिके पडलेले असतात. कबुतर दहाएक दिवसांत दुधावरून दाण्यावर आणतं आणि महिन्याभरात पिल्लू उडतं.

म्हणजे आमच्या टेबलमध्ये ‘पिल्लांना दूध पाजतात : दोन्ही हो’ अशी जी ओळ होती ती फारच ढोबळ झाली. ती फोडून कुठून येतं, कसं बनतं, काय असतं, किती दिवस अशा चार ओळी केल्या आणि चारही ठिकाणी उत्तरं वेगळी. सारखं फक्त वर बसलेलं हार्मोन.

२२ फेब्रुवारी

आज पाणी पिणं. टेरेसवर आजोबांनी ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर. बुलबुल, साळुंकी, कावळा सगळे चोच बुडवतात, मान वर करतात, गिळतात, परत बुडवतात. कबुतर चोच बुडवून ठेवतं आणि ओढत राहतं, मान वर नाही काही नाही, पोट भरलं की बाजूला. पक्ष्यांत हे फार थोड्यांना जमतं. म्हणजे कबुतर आणि फ्लेमिंगो, दोघांच्याही चोचीत पंप आहे, एकाचा प्यायला आणि एकाचा जेवायला. पार्टनरला हे टेबलमध्ये घालायचंय, मला वाटतं त्याने गोष्ट भरकटेल. फोटो चांगला आलाय म्हणून ठेवतेय, एवढंच.

येताना ठाण्याच्या तलावपाळीला उतरलो, टिबुकली (तळ्यातलं छोटं बुडी मारणारं पाखरू) कुठे दिसते का बघायला. बोटिंगच्या गर्दीत काय दिसणार. उपवनला मिळाली शेवटी, एकच, आणि ती पण दर वेळी कॅमेरा लावला की बुडी.

१ मार्च

टिबुकली का, ते आज लिहिते. फ्लेमिंगोचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे टिबुकलीचं कुटुंब. करकोचा नाही, बगळा नाही, बदक नाही. लांब पाय आणि वाकडी चोच बघून शंभर वर्षं लोक फ्लेमिंगोला कधी करकोच्यांत कधी बदकांत टाकत होते, २००१ च्या सुमाराला डीएनएवरून हे बुटकं बुडी मारणारं पाखरू पुढे आलं आणि नंतर प्रत्येक अभ्यासात तेच निघालं. त्यावर आता वाद नाही.

वाद कबुतरावर झाला. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे पूर्ण जीनोम (सगळं डीएनए) घेऊन मोठा वंशवृक्ष निघाला, सायन्स जर्नलमध्ये आला, त्यात फ्लेमिंगो, टिबुकली आणि कबुतर एकाच फांदीवर! आम्हाला जानेवारीत हेच पहिल्यांदा सापडलं असतं तर प्रोजेक्ट तिथेच संपला असता, काय सोपं, दोघं भाऊबंद, दूध पूर्वजाचं. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, १९८ जातींवर दुसऱ्या टीमचा अभ्यास आला, त्यात कबुतर वेगळीकडे. मग दहा वर्षं नुसती ओढाताण. एप्रिल २०२४ मध्ये ३६३ जातींचे जीनोम घेऊन नवा वृक्ष नेचर जर्नलमध्ये आला, आणि त्यात फ्लेमिंगो-टिबुकली स्वतंत्र, कबुतर दुसऱ्या फांदीवर, जिथे कोकीळ आणि माळढोक बसलेत. म्हणजे आमच्या एसीमागचं कबुतर फ्लेमिंगोपेक्षा माळढोकाच्या जवळचं.

आधीचं चुकलं कसं ते त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या पेपरात आहे आणि मला ते सगळ्यात भारी वाटलं. प्रत्येक पिढीत आईकडचं आणि बापाकडचं डीएनए पत्त्यांसारखं पिसलं जातं, म्हणून वेगवेगळे जीन थोडी वेगवेगळी गोष्ट सांगतात आणि सगळ्यांचं मिळून खरं काढता येतं. पण एका क्रोमोझोमवरचा साधारण दोन कोटी दहा लाख अक्षरांचा तुकडा त्या जुन्या काळात, डायनासोर संपले त्याच्या आसपास, पिसलाच गेला नाही. सगळा गठ्ठा एकच गोष्ट एका सुरात सांगत राहिला, की फ्लेमिंगो आणि कबुतर जवळचे. ४८ पक्षी होते तेव्हा त्या एका गठ्ठ्याचा आवाज मोठा ठरला. जाती वाढल्यावर आणि तो तुकडा बाजूला काढल्यावर सूर गेला.

पार्टनर म्हणाला, मग उद्या अजून हजार जाती आल्या की परत बदलेल, आपण काय लिहायचं? त्यावर दोन तास घातले आम्ही आणि उत्तर बरं सापडलं. समजा २०१४ चंच झाड खरं धरलं. तरी त्या फांदीवर टिबुकली आहे, ती दूध पाजत नाही, पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते आणि किडे-मासे भरवते. कबुतराच्या जवळचे सँडग्राउज आहेत, ते पण नाही पाजत, बाप पोटाच्या पिसांमध्ये पाणी भिजवून आणतो आणि पिल्लं ती पिसं चोखतात. दूध पूर्वजाचं असेल तर मधल्या या सगळ्यांनी ते टाकून दिलं असं मानावं लागेल, आणि वर दोघांचं दूध दोन वेगळ्या जागांतून, वेगळ्या पद्धतीने येतंय. त्यापेक्षा दोघांनी आपापलं काढलं हे सरळ आहे. झाड कुठलंही घ्या, आमचा निष्कर्ष हलत नाही. हे पोस्टरच्या मधोमध जाणार.

१५ मार्च

दोघांनीच का, हा मॅडमचा प्रश्न. चिमणी बघा, दाणे खाते, पण पिल्लांना दाण्यावर वाढवत नाही, अळ्या-किडे शोधून आणते, कारण वाढत्या पिल्लाला प्रोटीन लागतं. म्हणून किडे असतील त्या दिवसांतच तिचा संसार. कबुतराने ती अट काढून टाकली. स्वतः नुसते दाणे खा, प्रोटीन अंगातच तयार करून द्या. मग किडे असोत नसोत, जानेवारी असो नाहीतर मे, बाराही महिने अंडी. सोसायटीला जे छळतं त्याचं मूळ हे आहे, लोक टाकतात ते धान्य आणि हे दूध.

फ्लेमिंगोची अडचण दुसरी. त्याचं अन्न इतकं बारीक की चोचीत धरून नेता येत नाही, पिल्लाची चोच गाळायला तयार नाही, आणि घरटं अशा खारट ओसाड जागी की पिल्लाला खायला आसपास दुसरं काही नाही. शेवाळ अंगात घालून त्याचं दूध करणं हाच रस्ता. पेंग्विनच्या बापाचं तर अजून कठीण, मादी समुद्रावर गेलेली, तो बर्फावर महिनोन् महिने उपाशी, पिल्लू आधी बाहेर आलं तर त्याला देणार काय, मग अन्ननलिकेतून पाझरलेल्यावर ती येईपर्यंत काही दिवस काढायचे.

तिघांत समान काय, तर आईबाप जे खातात ते जसंच्या तसं पिल्लापर्यंत पोचू शकत नाही. किंवा खायलाच नाही. आणि आई-बाप दोघांना पाजता येतं कारण स्तन वगैरे लागत नाहीत, घसा दोघांनाही असतो आणि प्रोलॅक्टिन पण. हार्मोन आधीपासून अंगात होतं, अंड्यावर बसायला लावणारं, त्यालाच प्रत्येकाने हे जास्तीचं काम लावलं.

२२ मार्च

सोसायटीची मीटिंग. विषय तिसरा : कबुतरं. गेल्या वर्षी दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हापासून आमच्या ग्रुपवर रोज दोन पार्ट्या. सेक्रेटरी काकांनी मला उभं केलं, ‘आपली झूलॉजीवाली सांगेल.’ मी सांगितलं की विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाला सूज येते ती खरी गोष्ट आहे, सुकलेली घाण झाडूने झाडू नका, ओली करून मास्क लावून काढा, आणि धान्य टाकणं बंद करा. दूध वगैरेत गेले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या फ्लेमिंगोसाठी कमानी उभारता आणि कबुतराला शिव्या. हा मुद्दा चुकीचा आहे असं मला वाटत नाही, पण फ्लेमिंगो कुणाच्या एसीत अंडी घालत नाही हेही आहे.

पिल्लं उडाली मागेच. जाळी लागली.

५ एप्रिल

पोस्टर प्रिंटला दिलं वाशीला, ए-टू साइझ. पंपवाला फोटो शेवटी पार्टनरने खाली कोपऱ्यात घुसवलाच. माझा काचेच्या डागांचा व्हिडिओ क्यूआर कोडमध्ये.

मॅडमनी ड्राफ्ट बघून एकच सुधारणा सांगितली, ‘नातं : लांबचं’ एवढं लिहून सोडू नका, केव्हा फाटा फुटला ते लिहा. टाकलं, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आणि व्हायवाला विचारणारच म्हणाल्या की मग कबुतराचा जवळचा नातेवाईक घ्यायचा तर ठाणे-नवी मुंबईत कोण. होला घेऊ, पामबीचच्या झाडांवर ढीगभर आहेत, तो पण पाजतो.